सुटलेला टाका परत सुईवर: विणकाम शिकताना काय पाहावं

सुलट टाका अर्ध्या-पाऊण तासात हाताला येतो. विणकाम सोडून दिलं जातं ते बाराव्या-पंधराव्या ओळीच्या आसपास. मध्येच एक भोक दिसतं, बत्तीसचे पस्तीस टाके झालेले असतात आणि नेमकं कुठे बिघडलं ते कळत नाही. मग सगळं उसवायचं, पुन्हा सुईवर पहिले टाके घालायचे, पुन्हा तेच. म्हणून टाके घालायला शिकताना ते ओळखायलाही शिकावं. सुईवर काय बसलंय हे वाचता आलं की चूक जागच्या जागी दुरुस्त होते आणि विणताना मन निवांत राहतं.

लोकर आणि सुया

पहिल्या कामाला एकाच फिक्या रंगाची लोकर घ्या. काळ्या किंवा गडद निळ्या लोकरीत टाके दिसत नाहीत. केसाळ लोकर दिसायला फार मोहक, पण तिच्यात टाके दिसत तर नाहीतच, वर उसवताना तंतू एकमेकांत अडकून बसतात. लोकरीला पीळ चांगला हवा. पीळ सैल असला की सुईचं टोक दोन पदरांच्या मधून घुसतं आणि टाका चिरतो. गुंड्याच्या पट्टीवर ५ मिलिमीटरची सुई आणि १० सेंटिमीटरला साधारण १८ टाके असं लिहिलेली मध्यम जाडीची लोकर नवशिक्या हाताला सोयीची पडते. ती पट्टी फेकू नका. तिच्यावर लॉट नंबर, म्हणजे एका वेळी रंगवलेल्या लोकरीचा नंबर असतो, आणि एकाच रंगाच्या दोन लॉटमध्ये उन्हात दिसेल इतका फरक पडू शकतो. एका कामाला लागणारी सगळी लोकर एकदमच आणि एकाच लॉटची घ्यावी.

पट्टी हरवली आणि लोकर अस्सल की अॅक्रिलिक हे कळेना, तर बोटभर तुकडा चिमट्यात धरून पाण्याच्या वाटीवर जाळून पाहा. अस्सल लोकरीला केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटांत चुरडते. अॅक्रिलिक वितळतं आणि त्याचा कडक काळा मणी होतो. धुण्याच्या वेळी हे माहीत असणं फार कामाला येतं.

सुई घेताना मिलिमीटर बघा, नुसत्या नंबरावर जाऊ नका. जुन्या ब्रिटिश मोजणीत नंबर वाढला की सुई बारीक होते: ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, १० नंबर म्हणजे ३.२५. अमेरिकन मोजणीत नंबराबरोबर जाडी वाढते आणि तिथली ८ नंबरची सुई ५ मिलिमीटरची असते. नमुन्यात ‘८ नंबर’ लिहिलंय म्हणून हाताशी होती ती घेतली, आणि स्वेटर लहान मुलाचा झाला, असं यातूनच घडतं. धातूच्या सुईवरून टाके भराभर सरकतात, बांबूच्या सुईवर जरा धरून राहतात. सुरुवातीला बांबू बरी.

टाके घालणं

अंगठा आणि तर्जनीवर धागा ताणून टाके घालण्याची पद्धत आधी शिका. तिची कड लवचिक आणि एकसारखी येते. अडचण एकच: शेवटच्या चार टाक्यांना धागा पुरत नाही. त्यासाठी सुईवर धाग्याचे दहा वेढे घ्या, तेवढा धागा मोजा, लागणाऱ्या टाक्यांच्या हिशोबाने वाढवा आणि शेवट लपवायला वर १५ सेंटिमीटर सोडा. ५ मिलिमीटर सुईवर ३२ टाक्यांसाठी एक मीटर पुरतो.

तेवढ्या अंतरावर सरकगाठ मारून ती सुईवर चढवा. मोकळं टोक अंगठ्यावर, गुंड्याकडचा धागा तर्जनीवर, आणि दोन्ही खाली उरलेल्या बोटांत धरलेले. सुईचं टोक अंगठ्याच्या पुढच्या धाग्याखालून वर काढा, तर्जनीवरचा धागा ओढून घ्या, त्याच अंगठ्याच्या फासातून बाहेर आणा, अंगठा सोडा आणि हलकेच आवळा. दोन टाक्यांमध्ये किंचित फट राहू द्या. कड आवळते ती टाके एकमेकांना चिकटवून घातल्यामुळे.

सुलट टाक्याला धागा कामाच्या मागे असतो, उजवी सुई पुढून मागे जाते. उलट टाक्याला धागा पुढे असतो आणि सुई उजवीकडून डावीकडे, पुढेच शिरते. एका बाजूने सुलट दिसणारा टाका दुसऱ्या बाजूने उलट असतो, हे मनात पक्कं बसू द्या. सुलट टाके वेणीच्या पेडांसारखे दिसतात, उलट टाके आडव्या मण्यांसारखे. धागा उजव्या हातात धरावा की डाव्या, यावर वाद घालण्यात अर्थ नाही. दोन्ही पद्धतींत टाका तोच होतो. धागा करंगळीला एक वेढा देऊन आणला की ताण सारखा राहतो.

पहिलं काम म्हणून मफलर घ्या: ५ मिलिमीटर सुई, ३२ टाके, सगळ्या ओळी सुलट. रुंदी १८ सेंटिमीटरच्या आसपास येईल. दीड मीटर लांबीला साधारण २०० ग्रॅम लोकर लागते. अशा विणीत आडव्या कण्या उठतात, आणि एक कणी म्हणजे दोन ओळी. ओळी लिहून ठेवायची गरजच पडत नाही.

सुईवरचा टाका वाचणं

टाका सुईवर मांड ठोकून बसलेला असतो, एक पाय पुढे आणि एक मागे. नेहमीच्या पद्धतीत त्याचा उजवा पाय पुढे असतो. डावा पाय पुढे दिसला तर तो टाका फिरलाय. तसाच विणला तर त्याला पीळ पडतो आणि कापडात तो घट्ट, तिरका दिसतो. मागच्या पायातून विणला की सरळ होतो. उसवलेले टाके परत सुईवर घेताना असे फिरलेले टाके हमखास निघतात.

हात बसेपर्यंत प्रत्येक ओळीनंतर टाके मोजा. वाढले असतील तर कारण बहुधा या तिनांतलं असतं. ओळीच्या सुरुवातीला धागा सुईच्या वरून मागे गेला, तर पहिला टाका ओढला जातो, त्याचे दोन्ही पाय सुईवर दिसतात आणि ते दोन टाके समजून विणले जातात. धागा आधी खाली सोडा, मग सुईच्या खालून मागे न्या. दुसरं, सुलट विणताना धागा पुढे राहिला तर सुईवर फुकटचा वेढा बसतो आणि त्याच्याखाली भोक पडतं. पुढच्या ओळीत तो वेढा न विणता सुईवरून सोडून द्या, भोक भरून येतं. तिसरं म्हणजे पदर चिरून एकाचे दोन होणं. टाके कमी झाले असतील तर एकतर दोन एकत्र विणले गेलेत, नाहीतर एक सुटलाय.

ओळ अर्धी टाकून उठू नका. उठावंच लागलं तर परत बसताना गुंड्याकडचा धागा उजव्या सुईवरून येतोय ना, हे बघा. सुया उलट्या धरून विणलं की तिथूनच मागे वळणं होतं, एका बाजूला दोन ओळी जास्त चढतात आणि मध्ये भोक पडतं.

सुटलेला टाका उचलणं

टाका सुटला की पहिली प्रतिक्रिया असते काम ओढून बघायची. तेवढं करू नका. ओढलं की टाका आणखी ओळी खाली धावतो. फासात लगेच सेफ्टी पिन अडकवा, मग शांतपणे बघा. सुटलेल्या फासाच्या वर शिडीच्या पायऱ्यांसारखे आडवे धागे दिसतील. जितक्या पायऱ्या, तितक्या ओळी टाका खाली गेलाय.

साध्या विणीत, म्हणजे एक ओळ सुलट आणि एक उलट असलेल्या कामात, सुलट बाजू समोर घ्या. क्रोशाची आकडेदार सुई पुढून फासात घाला, सगळ्यात खालची पायरी पकडा आणि फासातून पुढे ओढा. एक टाका तयार झाला. मग त्याच्या वरची पायरी, मग त्याच्या वरची. मधली पायरी चुकली तर मागच्या बाजूला मोकळा धागा लोंबतो, त्यामुळे खालून वर एकेक मोजत जा. शेवटचा फास डाव्या सुईवर ठेवताना उजवा पाय पुढे. दुरुस्तीचा तो उभा पट्टा थोडा आवळलेला किंवा सैल वाटेल. सुईच्या टोकाने शेजारच्या टाक्यांना किंचित ओढ द्या, बाकीचं धुण्यात सारखं होतं.

मफलरच्या सगळ्या सुलट ओळींत जरा फरक आहे. पायरी फासाच्या मागे असेल तर वरच्यासारखंच करा. पुढच्या पायरीला काम फिरवा आणि दुसऱ्या बाजूने तेच करा. असं एकाआड एक केलं की कण्या जिथल्या तिथे येतात.

अवघड वीण असेल तर दर दहा-पंधरा ओळींनी बोथट सुईत वेगळ्या रंगाचा गुळगुळीत दोरा ओवून तो सगळ्या टाक्यांतून काढून ठेवा. चुकलं तर तिथपर्यंत बिनधास्त उसवा. दोऱ्याच्या खाली एकही टाका सुटत नाही.

मापाचं काम

मफलर दोन सेंटिमीटर रुंद झाला तर बिघडत नाही, स्वेटरचं तसं नाही. नमुन्यात १० सेंटिमीटरला २२ टाके धरलेत आणि छातीचा घेर ९० सेंटिमीटर हवाय, तर १९८ टाके होतात. हात थोडा सैल असून १० सेंटिमीटरला २० च टाके बसत असतील, तर तेच १९८ टाके ९९ सेंटिमीटर भरतात. दोन टाक्यांच्या फरकाने स्वेटर ९ सेंटिमीटर मोठा. म्हणून आधी १५ सेंटिमीटरचा चौकोन विणा, धुवा, वाळवा आणि मधले १० सेंटिमीटर मोजा. कडेचे टाके मापात धरू नका. टाके कमी बसले तर अर्धा मिलिमीटर बारीक सुई घ्या, जास्त बसले तर जाड. मुद्दाम हात आवळून विणायचा प्रयत्न चार ओळींच्या पुढे टिकत नाही.

साध्या विणीच्या कडा वळतात, यात विणणाऱ्याचा दोष नाही. सुलट आणि उलट बाजूंचे टाके कापडाला सारखे ओढत नाहीत, त्यामुळे बाजू मागे आणि वर-खालच्या कडा पुढे वळतात. इस्त्रीने ते जात नाही, आणि अॅक्रिलिकवर गरम इस्त्री फिरवली तर ते कायमचं लोळागोळा होतं. दोन्ही बाजूंना चार-पाच टाके आणि वर-खाली सहा ओळी सगळ्या सुलट घ्या.

दोन सुयांऐवजी क्रोशाच्या एकाच आकडेदार सुईनेही विणता येतं. क्रोशात एका वेळी एकच फास उघडा असतो, त्यामुळे टाका धावत नाही, हवं तिथपर्यंत उसवून तिथूनच परत सुरू करता येतं. साखळी, मुका खांब, अर्धा खांब आणि खांब या क्रोशाच्या चार टाक्यांवर पुष्कळ काही होतं. कापड मात्र जाड येतं आणि तेवढ्याच आकाराला लोकर जास्त लागते. गोधडीच्या चौकोनांना, पिशव्यांना, खेळण्यांना क्रोशा उत्तम, अंगावर मऊ पडणाऱ्या स्वेटरला सुया.

बंद करणं आणि धुणं

टाके बंद करताना, म्हणजे काम संपवून ते सुईवरून उतरवताना, एक-दोन माप जाड सुई वापरा, नाहीतर गळा डोक्यातून जात नाही. नवा गुंडा कडेलाच जोडा. उरलेला धागा कामाच्या रुंदीच्या चौपट नसेल तर ती ओळ सुरूच करू नका. टोकं १५ सेंटिमीटर ठेवा आणि बोथट सुईने एका दिशेला, मग उलट दिशेला टाक्यांच्या आतून ओवा. गाठी मारल्या तर त्या कधी ना कधी पुढच्या बाजूला निघतात.

अस्सल लोकर कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटं नुसती भिजू द्या. तिच्या तंतूंवर बारीक खवले असतात. गरम पाण्यात चोळलं की ते एकमेकांत गुंततात, कापड आटतं आणि परत सुटत नाही. पिळू नका. टॉवेलात गुंडाळून दाबा आणि हवा तो आकार देऊन आडवं वाळवा, कारण ओला स्वेटर दोरीवर टांगला की त्याच्या वजनाने बाह्या लांबतात. ठेवणीत टाकण्याआधी धुऊन पूर्ण वाळवाच. कसरीच्या अळ्या घामाचे आणि अन्नाचे डाग असलेली जागा आधी धरतात.