राखीव जागेवरून सरपंच झाल्यावर कारभार हाती कसा घ्यावा

महाराष्ट्रात २०११ पासून ग्रामपंचायतींच्या निम्म्या जागा आणि निम्मी सरपंचपदे स्त्रियांसाठी राखीव आहेत. आरक्षण असावे की नसावे, हा वाद पारावर आणि वर्तमानपत्रांत चालूच राहतो. पण सोडत निघाली की गावातील कोणत्या तरी घरातून एका बाईला अर्ज भरायला पुढे यावेच लागते. हा लेख त्या बाईसाठी आणि तिच्या पहिल्या वर्षासाठी आहे. मी एक मुदत राखीव प्रभागातून सदस्य होते. पद मिळाले म्हणजे अधिकार मिळाला, असे मी समजत होते, ही माझी त्या पाच वर्षांतील सर्वांत मोठी चूक. अधिकार कागदांत असतो, आणि ते कागद कोणाच्या कपाटात आहेत हे मला दीड वर्षाने कळले.

हारतुरे वाळण्यापूर्वी तीन गोष्टी उरकाव्यात. निकालापासून तीस दिवसांच्या आत निवडणूक खर्चाचा हिशेब सादर करायचा असतो. तो राहिला तर अपात्रता ओढवू शकते. हे काम बहुधा घरातील पुरुषांकडे जाते. जायला हरकत नाही, पण हिशेब दिल्याची पोच आपल्या हाती घ्यावी. जागा अनुसूचित जाती, जमाती किंवा नागरिकांच्या मागास प्रवर्गाची असेल, तर जात वैधता प्रमाणपत्र सादर करण्याची मुदत भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवावी. तिसरी गोष्ट घराच्या जागेची. सरकारी जागेवरील अतिक्रमण हे अपात्रतेचे कारण आहे, आणि अतिक्रमण कुटुंबातील दुसऱ्याचे असले तरी त्या घरात राहणाऱ्या सदस्याला ते भोवते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये महाराष्ट्रातीलच एका प्रकरणात म्हटले. हे कलम खऱ्या अतिक्रमणासाठी आहे तसेच ते नको असलेली बाई खाली खेचण्यासाठीही वापरले जाते. जळगाव जिल्ह्यातील विचखेडा गावच्या महिला सरपंचांना याच आरोपावरून पद सोडावे लागले होते. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांची अपात्रता रद्द केली आणि एक बाई सरपंच झाली हेच गावकऱ्यांच्या पचनी पडले नाही, अशा आशयाचे निरीक्षणही नोंदवले. तेव्हा स्वतःच्या घराचा नमुना ८ चा, म्हणजे घरपट्टी आकारणीचा, उतारा पहिल्याच आठवड्यात काढून एका पिशवीत ठेवावा. ही पिशवी पाच वर्षे लागणार आहे.

आता कार्यालयाकडे वळू. सरपंचाचा अधिकार तीन ठिकाणी दिसतो: ठरावाच्या वहीत, रोकड वहीत आणि डिजिटल सहीच्या त्या बोटाएवढ्या उपकरणात. वित्त आयोगाचा निधी आता ई-ग्रामस्वराज प्रणालीतून ऑनलाइन खर्च होतो. पूर्वीचे ग्रामसेवक म्हणजे आताचे ग्रामपंचायत अधिकारी आणि सरपंच अशा दोघांच्या डिजिटल सह्या लागल्याशिवाय ठेकेदाराच्या खात्यात पैसे जात नाहीत. नियम उत्तम आहे. प्रत्यक्षात मात्र अनेक कार्यालयांत सरपंचबाईंचे उपकरण संगणक चालवणाऱ्या मुलाच्या ड्रॉवरमध्ये असते, त्याचा पिन त्याच ड्रॉवरच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या चिठ्ठीवर असतो, आणि नोंदवलेला मोबाइल क्रमांक यजमानांचा असतो. ही अतिशयोक्ती नाही. अशी चिठ्ठी मी डोळ्यांनी पाहिली आहे. उपकरण स्वतःच्या पिशवीत ठेवावे, पिन बदलून घ्यावा, क्रमांक आपला द्यावा आणि सही करायची तेव्हा स्वतः संगणकापुढे बसून कोणाला, किती, कशाचे, एवढे तीन प्रश्न विचारावेत. कोऱ्या धनादेशावर सही करू नये, हे वेगळे सांगायला नको. तरी सांगते, कारण ‘बँकेची वेळ संपतेय, ताई’ असे म्हणून तो सर्रास पुढे केला जातो.

ठरावाच्या वहीला गावात प्रोसिडिंग म्हणतात. माझ्या दुसऱ्याच मासिक सभेत शेवटचा ठराव आणि सह्यांची ओळ यांच्यामध्ये चार बोटे जागा मोकळी सोडलेली होती. मी सही केली. पुढच्या महिन्यात मागचे इतिवृत्त वाचून दाखवताना त्या जागेत गटाराच्या कामाचा एक ठराव आला होता, सूचक आणि अनुमोदकासह, आणि त्या अनुमोदकाचे नाव माझे होते. तेव्हापासून शेवटच्या ओळीखाली आडवी रेघ मारून, तिला लागूनच सही करण्याची सवय मी लावून घेतली. भाऊसाहेबांना, म्हणजे ग्रामसेवकांना, राग आला, पण रेघ मारू नका असे त्यांना म्हणता येईना. वाचनाची अडचण असेल तर ठराव मोठ्याने वाचून दाखवा, असे सांगावे. हा सरपंचाचा हक्क आहे. शिवाय एखाद्या शाळकरी मुलीकडून नमुना ५ ची रोकड वही महिन्यातून एकदा वाचून घेतली, तर सहा महिन्यांत आकडे आपोआप ओळखीचे होतात.

मासिक सभा आणि ग्रामसभा बोलावणे ही सरपंचाची जबाबदारी आहे. मासिक सभेची नोटीस तीन पूर्ण दिवस आधी आणि ग्रामसभेची सात दिवस आधी निघावी लागते. पुरेसे कारण नसताना सभा बोलावल्या नाहीत तर पद जाते. विरोधक सभा टाळण्याचा प्रेमळ सल्ला देतात तो याचसाठी.

खुर्चीचा प्रश्न घरातून सुरू होतो. ‘सरपंच पती’ असे कोणतेही पद कायद्यात नाही, आणि २०१५ च्या पंचायत राज दिनी पंतप्रधानांनीही ही पद्धत बंद करण्यास सांगितले होते. तरी पहिल्या दिवशी शेजारची खुर्ची ओढून यजमान बसतातच. चारचौघांत त्यांना उठवायला गेलात तर गाव महिनाभर तेवढेच बोलेल. त्यापेक्षा आदल्या रात्री घरीच ठरवून घ्यावे: पंचायत समितीला जायचे तेव्हा मोटारसायकल त्यांची, कागदांची पिशवी आपली, आणि साहेबांशी बोलणे आपण करायचे. सभेत कोणी ‘दादांना विचारून सांगा’ म्हणाले, तर ‘विषय पुढच्या सभेत ठेवते’ एवढेच उत्तर द्यावे. मानधनही आपल्याच खात्यात यावे. २०२४ मध्ये ते दुप्पट झाले असून दोन हजारांपर्यंत लोकसंख्येच्या गावात सरपंचांना महिना ६,००० रुपये मिळतात.

आपली खरी ताकद महिला सभेत असते, आणि तिच्याकडेच सर्वाधिक दुर्लक्ष होते. प्रत्येक नियमित ग्रामसभेपूर्वी गावातील स्त्री मतदारांची वेगळी सभा घेणे कायद्याने बंधनकारक आहे. बहुतेक गावांत ती कागदावर होते; शिपाई वही घेऊन घरोघर फिरतो आणि चुलीपुढून उठून आलेल्या बाया सही किंवा अंगठा देतात. ती खरोखर घ्यावी. खुरपणीच्या दिवसांत सकाळी अकराला कोणीही येणार नाही, म्हणून वेळ संध्याकाळची किंवा बचत गटाच्या बैठकीला जोडून ठेवावी, आणि विचारावे दोनच: पाणी भरायला किती वेळ जातो, आणि अंधारात कुठून चालायची भीती वाटते? उत्तरे ठराव म्हणून लिहून ग्रामसभेपुढे ठेवावीत. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतील ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेली होती. निधीतील असा बांधील भाग किती आणि तो कुठे गेला, हे याच सभेत सांगावे. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातील १० टक्के रक्कमही महिला आणि बालकल्याणासाठी खर्च करायची असते. वसुली सहा लाख असेल तर हे साठ हजार होतात. ते दरवर्षी कशावर गेले, हे नमुना ५ मध्ये शोधावे. एका गावात तीन वर्षे केवळ हळदीकुंकवाचा मंडप सापडला.

आता वादाविषयी, कारण उत्तर द्यावेच लागते. चहाच्या टपरीवर पहिला आक्षेप असतो, ‘बाईच्या नावावर नवराच कारभार करतो, मग आरक्षणाने काय साधले?’ हा आक्षेप नाकारू नये, तो पुष्कळ ठिकाणी खरा आहे. मात्र त्यावर डिजिटल सही स्वतः करणे हाच उपाय आहे, जागा काढून घेणे हा नव्हे. दुसरा आक्षेप गुणवत्तेचा. त्याला पश्चिम बंगालच्या बीरभूम आणि राजस्थानच्या उदयपूर जिल्ह्यांतील पंचायतींवर राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो यांनी केलेला, २००४ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगावा: जिथे प्रमुखपद स्त्रियांसाठी राखीव होते, तिथे पिण्याच्या पाण्यावर अधिक गुंतवणूक झाली. आणखी जवळचा दाखला मुंबईचा आहे. १९९७ मध्ये राखीव असलेले प्रभाग २००२ मध्ये खुले झाल्यावर तिथे स्त्री निवडून येण्याची शक्यता इतर प्रभागांच्या सुमारे पाचपट होती, असे रिखिल भवनानी यांच्या २००९ च्या अभ्यासात आढळले. संधी मिळाल्यावर काही स्त्रिया टिकतात, हे यातून दिसते.

हा वाद पुरुष विरुद्ध स्त्रिया असा नाही, हेही लक्षात ठेवावे. १९७४ च्या अहवालात भारतातील स्त्रियांच्या स्थितीविषयक समितीनेच विधिमंडळांतील आरक्षण नाकारले होते, आणि वीणा मजुमदार व लतिका सरकार यांनी त्याविरुद्ध भिन्नमत नोंदवले होते. माझ्या मते सर्वांत वजनदार आक्षेप फिरत्या आरक्षणाचा आहे. बाई काम शिकते तोवर मुदत संपते आणि सोडतीत तिची जागा दुसरीकडे जाते. मग पुढच्या निवडणुकीसाठी चांगले काम करण्याचे कारणच उरत नाही. याला माझ्याकडे उत्तर नाही.

अविश्वास ठरावाची धमकी केव्हा ना केव्हा येतेच. थेट निवडून आलेल्या सरपंचाविरुद्ध पहिली दोन वर्षे असा ठराव आणता येत नाही, नंतरही तो तीन चतुर्थांश बहुमताने मंजूर व्हावा लागतो, आणि त्यावर ग्रामसभेत गुप्त मतदान होते. ज्या बायांनी महिला सभेत पाण्याचा ठराव लिहून घेतला, त्या त्या दिवशी येतात का, यावर निकाल ठरतो.

मुदत संपताना डिजिटल सहीचे उपकरण बंद करून घ्यावे आणि पदभार दिल्याची पोच घ्यावी. झालेल्या कामांच्या ठरावांच्या प्रती पिशवीत असू द्याव्यात. पुढच्या सोडतीत आपला प्रभाग सर्वसाधारण निघाला तर तिथेही अर्ज भरता येतो. सर्वसाधारण म्हणजे पुरुषांसाठी राखीव नव्हे. अर्ज घेणारा कर्मचारी कदाचित म्हणेल, ‘बाई, महिलांचा वॉर्ड पलीकडचा आहे.’ त्याला अर्ज परत करू देऊ नये. टेबलावरच ठेवून छाननीची तारीख विचारावी.