जपानमधल्या तिसरीच्या वर्गासाठी इंग्रजीचं पहिलं टाचण

‘ताई, तुझ्याकडचे गेम पाठव ना.’ जपानच्या प्राथमिक शाळेत एएलटी, म्हणजे इंग्रजीचा सहायक शिक्षक, म्हणून निघालेल्या जवळजवळ प्रत्येकाचा मला पहिला मेसेज हाच असतो. गेम नंतर बघू, ते इंटरनेटवर पोत्याने मिळतात. गेम कमी पडले म्हणून तास फसत नाही. वर्गात उभ्या असलेल्या दुसऱ्या शिक्षिकेला आपण नक्की काय करायचंय ते कळलेलं नसतं, म्हणून फसतो. तेव्हा टाचण स्वतःसाठी लिहू नका, तिच्यासाठी लिहा.

ती म्हणजे ‘तान्निन’, वर्गशिक्षिका. भाषा, गणित, बहुतेक सगळं तीच शिकवते आणि दुपारचं जेवणही मुलांबरोबर वर्गातच घेते. कोणाला कोणाशेजारी बसवलं की भांडण होतं, कोण चारचौघांत तोंड उघडत नाही, हे तिला पाठ असतं. तुम्ही आठवड्यातून एकदा येणार, तेही बऱ्याचदा दोन-तीन शाळा सांभाळून. चर्चेला वेळ म्हणाल तर स्टाफरूममध्ये उभ्या उभ्या पाच मिनिटं. तेवढ्यात वाचून होईल असा एकच ए-फोर कागद करा आणि आदल्या दिवशी तिच्या टेबलावर ठेवा. त्यावर तीन रकाने: मिनिटं, मुलांनी काय करायचं, तान्निनने काय करायचं. आपल्याकडे डीएड केलेल्यांना ‘शिक्षक कृती, विद्यार्थी कृती’ आठवेल. इथे तुमच्या स्वतःच्या बोलण्याला रकाना नाही, आणि तो नसलेलाच बरा. जपानी मोडकं असलं तरी चालेल, अक्षर मात्र मोठं काढा. उद्दिष्टांची लांबलचक यादी नको.

लिहायला बसण्याआधी शाळेकडून ‘नेन्कान शिदो केइकाकु’, म्हणजे वर्षाचं नियोजन, मागून घ्या. शाळेचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं आणि जेट प्रोग्रॅममधून, म्हणजे परदेशी तरुणांना शाळांत नेमणाऱ्या जपान सरकारच्या योजनेतून, येणारे बहुतेक जण जुलैअखेर किंवा ऑगस्टमध्ये पोचतात, म्हणजे पुस्तक अर्ध्यावर असताना. तास ४५ मिनिटांचा. २०२० पासून तिसरी-चौथीला वर्षाला ३५ तास आणि पाचवी-सहावीला ७०. पाचवीपासून इंग्रजी रीतसर विषय आहे, त्याला श्रेणी मिळते. तिसरी-चौथीला फक्त ऐकायचं आणि बोलायचं. तिसरीच्या मुलाकडून स्पेलिंग लिहून घ्यायचा मोह आपल्याला फार होतो. तो आवरा. रोमन अक्षरं ते त्याच वर्षी, जपानीच्या तासाला, नुकती शिकत असतात.

आता एक तास प्रत्यक्ष आखू. तिसरीचं पुस्तक ‘लेट्स ट्राय!’, तिसरा पाठ ‘हाऊ मेनी?’, एक ते वीस आकडे. आखणी शेवटाकडून करायची: पस्तिसाव्या मिनिटाला मुलं एकमेकांना काय विचारत असतील? ‘हाऊ मेनी ॲपल्स?’ असं चित्र दाखवून विचारलं तर चित्र दोघांनाही दिसतंय, मग विचारायचं कशाला? उत्तर समोरच्यालाच माहीत असेल असा प्रश्न हवा. माझा आवडता उपाय म्हणजे कांजीच्या, म्हणजे जपानी लिपीतल्या चिनी वळणाच्या अक्षरांच्या, रेघा. दुसरी संपेपर्यंत मुलं २४० कांजी शिकलेली असतात. फळ्यावर त्यातल्या आठ कांजी लिहा: झाड (४ रेघा), डोंगर (३), नदी (३), पाऊस (८), घोडा (१०), पक्षी (११), जंगल (१२), चेहरा (१८). एकाने मनात एक अक्षर धरायचं. दुसऱ्याने विचारायचं ‘हाऊ मेनी?’ पहिला बोटाने हवेत रेघा मोजून सांगतो, ‘ट्वेल्व्ह!’ दुसऱ्याने फळ्यावरचं जंगल दाखवायचं. डोंगर आणि नदी मुद्दाम सारख्या रेघांचे घेतलेत, तिथे दोनदा ओळखावं लागतं आणि हशा होतो. शिवाय रेघांच्या बाबतीत मुलं तुमच्यापेक्षा हुशार आहेत. तुमच्या रेघा तपासायचं काम एखाद्या गप्प मुलाला द्या.

शेवट ठरला की बाकीचं भराभर लागतं. पहिली पाच मिनिटं: ‘निच्चोकु’, म्हणजे त्या दिवशी पाळी असलेलं मूल, वर्गाला उभं करतं, नमस्कार होतो आणि फळ्यावर ‘मेआते’, आजचं ध्येय, जपानीत लिहिलं जातं. ते तान्निनच लिहील. मग दहा मिनिटं आकडे. एक ते दहा मुलांना येतातच, त्यात वेळ घालवू नका. अडतं ते अकरा-बारापाशी, कारण जपानीत ते सरळ ‘दहा-एक, दहा-दोन’ असे असतात. इथे कीवर्ड गेम चालतो: दोघांच्या मधे एक खोडरबर, सगळे आकडे मागोमाग म्हणायचे, ठरलेला आकडा आला की झडप. तीन फेऱ्या पुरे. चौथ्या फेरीला कोणीतरी रडतं.

पुढची पाच मिनिटं माझ्या मते अख्ख्या तासाचा कणा: तुम्ही आणि तान्निन मिळून कांजीचा खेळ करून दाखवता. समजावून सांगू नका, इंग्रजीत नको आणि जपानीतही नको. तिने जरा अडखळलेलं फारच उत्तम. आपल्या बाईंचंही अडतं हे दिसलं की मुलांची भीड चेपते. तिच्या रकान्यात हे ठळक लिहा, कारण बऱ्याच जणी ‘माझं इंग्रजी वाईट आहे’ म्हणत मागे जाऊन उभ्या राहतात. त्यानंतर पंधरा मिनिटं मुलांची. उरलेल्या दहात दोन-तीन जोड्या पुढे येतात आणि ‘फुरिकाएरी’चा कागद भरला जातो: आज काय जमलं, ते जपानीत.

घंटेनंतर एक मिनिटही घेऊ नका. चौथ्या तासानंतर जेवण असतं, आणि पांढरे झगे चढवून वाढायला निघालेल्या मुलांना तुमच्या ‘ट्वेंटी’शी काही देणंघेणं नसतं.

उच्चारांचं थोडक्यात: ‘सेव्हन’चं ‘सेबुन’, ‘थ्री’चं ‘सुरी’ होणारच. आकडे घोकताना सुधारा, खेळ रंगलेला असताना नाही. आणि आपला स्वतःचा मराठी वळणाचा उच्चार लपवायला खोटा अमेरिकन सूर काढू नका. पुस्तकाचं ध्वनिमुद्रण वर्गात वाजवता येतं, ते वाजवा.

पहिल्याच दिवशी ओळखीचा तास असतो, त्यासाठी घरून नोट न्या. कुठलीही. मागच्या पट्टीवर पंधरा भाषा असतात, मराठी धरून. ‘हाऊ मेनी लँग्वेजेस?’ विचारा आणि मोजू द्या. खाऊ मात्र वाटू नका. ॲलर्जीच्या बाबतीत शाळा फार कडक असतात.

टाचणात एका कृतीपुढे त्रिकोण काढा: वेळ कमी पडला तर हे गाळायचं. ‘उन्दोकाई’, म्हणजे क्रीडादिनाच्या, सरावाच्या आठवड्यांत तास कापले जातात, कधी रद्दही होतात, तेव्हा हा त्रिकोण तान्निनलाही दिसू दे. मोठ्या शाळेत ३-१, ३-२, ३-३ अशा तुकड्यांना एकच पाठ लागोपाठ घ्यावा लागतो. पहिल्या तुकडीत जे रेंगाळलं ते मधल्या सुट्टीत लाल पेनाने त्याच कागदावर खोडा आणि दुसऱ्या तान्निनला दाखवूनच तिच्या वर्गात शिरा.