नव्या लाऊडस्पीकरला नाव देताना

स्पीकरचे नाव ठरवण्याआधी तो तासभर ऐकावा, कारण आठ इंची वूफरच्या (खर्जाचे सूर वाजवणाऱ्या स्पीकरच्या) पेटीतून पखवाजाची थाप भरीव उमटते की कीर्तनकाराचा शब्द अधिक स्वच्छ येतो, यावरूनच नावाचा स्वभाव ठरतो. ‘मधुर’, ‘सुस्वर’ ही नावे मी टाळतो. ती केवळ गुण सांगतात आणि अशा वर्णनपर शब्दांना ट्रेडमार्क सहसा मिळत नाही. ‘पैठणी’ कितीही मोहक वाटले तरी ते साडीचे भौगोलिक मानांकन आहे, म्हणून त्याला हात लावू नये.

आपल्या मराठवाड्यातल्या नद्यांची नावे मात्र जरूर तपासावीत. ‘दुधना’ म्हटले की परक्याला दूध आठवते. ‘सिंदफणा’ कानाला फार गोड, पण रोमन लिपीत त्यातला ‘फ’ दोन प्रकारे लिहिला जातो आणि शोधणारा चुकतो. ‘तेरणा’ आखूड, ठसठशीत आहे. निवडलेले नाव सुताराच्या करवतीच्या आवाजात फोनवरून एकदाच उच्चारावे आणि समोरच्याने ते अचूक लिहिले, तरच ट्रेडमार्क नोंदणीच्या संकेतस्थळावर वर्ग 9 मध्ये, म्हणजे लाऊडस्पीकर ज्यात येतात त्या गटात, तेच किंवा त्याच्या उच्चाराशी जुळणारे नाव आधी कोणी घेतले आहे का, हे पाहावे. नोंदणी 10 वर्षांची असते आणि पुढे नूतनीकरण करता येते.