रोज रात्री आत्मपरीक्षण कसे करावे

“हे देवा, माझी झडती घेऊन माझे हृदय जाण,” अशी विनवणी बायबलमधल्या स्तोत्र 139 च्या शेवटी आहे. म्हणजे झडती घेणारा देव आहे. हे विसरून आपण एकटेच स्वतःला तपासू लागलो, की एक तर सबबी सांगत बसतो, नाही तर स्वतःला झोडपत राहतो. दोन्हींतून हाती काही लागत नाही.

आत्मपरीक्षणाची जी पद्धत ख्रिस्ती लोकांत आजही खूप वापरात आहे, ती येशूसंघ (जेझुइट) या कॅथलिक धर्मसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांची. त्यांचे ‘आध्यात्मिक साधना’ हे पुस्तक 1548 मध्ये पोपच्या मान्यतेने छापले गेले. 1542 मध्ये गोव्यात उतरलेले संत फ्रान्सिस झेवियर हे त्यांचेच सोबती. पद्धत कॅथलिक परंपरेतली असली, तरी कोणत्याही मंडळीतल्या ख्रिस्ती माणसाला ती करता येते.

दहा-पंधरा मिनिटे पुरतात. अंथरुणावर पडून करू नका, झोप लागते. जेवणे आटोपल्यावर खुर्चीत ताठ बसा आणि फोन दुसऱ्या खोलीत ठेवा.

सुरुवात उपकारस्तुतीने करा. इग्नेशियस यांनी हीच पायरी पहिली ठेवली आहे आणि ती गाळू नये असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. “सगळ्यासाठी धन्यवाद” असे मोघम म्हणू नका. लोकलमध्ये कुणी सरकून जागा दिली, मुलाचा ताप उतरला, असे आजचे काही तरी नेमके आठवा. देवाचे प्रेम आधी आठवले, की पुढे स्वतःची चूक बघायची भीती कमी होते.

मग पवित्र आत्म्याकडे प्रकाश मागा. एक वाक्य बस्स.

तिसरी पायरी सगळ्यात मोठी; निम्मा वेळ तिला द्या. उठल्यापासून आतापर्यंतचा दिवस तासातासाने डोळ्यांसमोर आणा: आधी विचार, मग शब्द, मग कृती. समजा, दुपारी आईने एकच प्रश्न तिसऱ्यांदा विचारला आणि तुम्ही खेकसलात. “मी रागीट आहे” एवढ्यावर थांबू नका. थोडे मागे जा. त्याआधी ऑफिसातून फोन आला होता, दुसऱ्याचे कौतुक झाले होते, मन आंबट झाले होते. राग आईवर निघाला, पण मूळ होते मत्सरात. आईला काय वाटले असेल? तिचा चेहरा आठवा. जे करायला हवे होते आणि राहून गेले, तेही बघा. आजारी शेजाऱ्याकडे डोकावायचे तसेच राहिले असेल. आणि जिथे प्रेमाने वागलात तो क्षणही सोडू नका, तिथे देवाची कृपा काम करत होती.

यानंतर क्षमा मागा, आणि मागताना पापाचे नाव घ्या. “जर आपण आपली पापे पदरी घेतली, तर तो विश्वसनीय व न्यायी आहे,” असे योहानाच्या पहिल्या पत्रात (1:9) वचन आहे.

शेवटी उद्यासाठी एकच ठराव करा, तोही करता येण्याजोगा. “उद्यापासून चिडणार नाही” हा ठराव दुपारपर्यंतही टिकत नाही. “उद्या चहा घेऊन आईजवळ बसेन आणि तिची माफी मागेन” हा टिकतो. मग प्रभूची प्रार्थना म्हणा आणि उठा.

एखादा दोष पुन्हापुन्हा डोके वर काढत असेल, तर त्यासाठी इग्नेशियस यांचा वेगळा उपाय आहे. सकाळी उठताच त्या एकाच दोषाविरुद्ध निश्चय करायचा. दिवसभरात घसरलो की छातीवर हात ठेवून मनात खेद करायचा. चारचौघांतही कुणाच्या लक्षात येत नाही. वहीत त्या दिवसाच्या दोन रेघा, एक दुपारची, एक रात्रीची. जितक्यांदा घसरलो तितके ठिपके द्यायचे, आणि आजची वही कालच्याशी ताडून बघायची. दोष एका वेळी एकच घ्यावा.

एक धोका मात्र खरा आहे. कबूल केलेली, क्षमा झालेली जुनी पापे काही जणांना रोज नव्याने छळतात. स्पेनमधल्या मान्रेसा गावी राहत असताना खुद्द इग्नेशियस यांना या टोचणीने इतके ग्रासले, की जीव द्यावा असे वाटू लागले होते. जुनी पापे पुन्हा कबूल करायची नाहीत, असे ठरवल्यावरच ते त्यातून सुटले. तुमचेही तसे होत असेल, तर परीक्षण काही दिवस फक्त उपकारस्तुतीपुरते ठेवा आणि आपल्या फादरांशी किंवा पाळकांशी मोकळेपणाने बोला. झोप उडाली असेल, जीव नकोसा होत असेल, तर डॉक्टरांकडेही त्याच दिवशी जा.