बेळगावात नव्याने राहायला आलेल्यांसाठी: बागा, मैदाने आणि मोकळा वेळ

बावीस वर्षांपूर्वी आम्ही मिरजेहून बेळगावात राहायला आलो, तेव्हा घर, शाळा आणि गॅसची जोडणी यांची सगळी चौकशी आधीच करून ठेवली होती. संध्याकाळी साडेपाचला मुलांना घेऊन कोठे जायचे, याची चौकशी करण्याचे मात्र कोणाला सुचले नव्हते. पहिले तीन महिने घरातच गेले आणि शेजारच्यांची नावेसुद्धा आम्हाला कळली नाहीत. पुढे टिळकवाडीतील एका बागेत रोज एकाच बाकावर बसणाऱ्या दोन आजींशी ओळख झाली आणि त्यांच्यामुळे दूधवाले, मुलांचे डॉक्टर, शिवणकाम करणाऱ्या मावशी आणि कन्नड शिकविणाऱ्या बाई, असे सर्व जण एका आठवड्यात मिळाले. म्हणून उद्यमबागेतील कारखान्यांत, रुग्णालयांत, महाविद्यालयांत किंवा लष्करी केंद्रात नोकरीसाठी आलेली मराठी कुटुंबे माझ्याकडे विचारणा करतात, तेव्हा मी त्यांना बाजारपेठेच्या आधी बागा आणि मैदाने सांगते.

प्रथम पत्त्यांविषयी थोडे सांगितले पाहिजे. १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचे अधिकृत नाव बेळगावी झाले आहे, त्यामुळे अर्जांवर आणि बसच्या पाट्यांवर तेच नाव दिसेल. घरोघरी आणि बागेत मात्र मराठी माणसे बेळगावच म्हणतात. टिळकवाडीत पत्ता विचारला तर उत्तर बहुधा पहिले, दुसरे किंवा तिसरे रेल्वे गेट असे मिळते आणि कोणत्या गेटाच्या कोणत्या बाजूला, हे नीट ऐकून घेतले नाही तर मुलाच्या हाताला धरून बराच वेळ चालावे लागते. कॅम्प हा भाग महानगरपालिकेच्या अखत्यारीत येत नाही. तो छावणी मंडळाकडे आहे आणि तेथील बरीचशी मोकळी जागा लष्कराची आहे. दिव्याची किंवा झाडाच्या पडलेल्या फांदीची तक्रार करायची असेल तर कोणाकडे जायचे, हे या एका गोष्टीवर ठरते.

टिळकवाडी, हिंदवाडी किंवा भाग्यनगर येथे घर घेतले असेल तर व्हॅक्सिन डेपो हे नाव पहिल्याच आठवड्यात कानावर येईल. विसाव्या शतकाच्या आरंभी तेथे देवीची लस तयार करणारी संस्था उभी राहिली, त्यावरून हे नाव पडले. आज मात्र लोक तेथे जातात ते जुन्या, उंच झाडांसाठी. पहाटे साडेपाचपासून चालणाऱ्यांची वर्दळ सुरू होते. एप्रिल आणि मे महिन्यांतसुद्धा त्या झाडांखाली वारा गार लागतो, कारण मुळात हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे २,५०० फूट उंचीवर आहे आणि त्यात ही सावली मिळते. येथील झाडे तोडली जाऊ नयेत म्हणून शहरातील नागरिकांनी आवाज उठविलेला आहे, आणि त्या झाडांखाली दोन वर्षे चाललेल्या कोणालाही तो आवाज आपला वाटतो. नव्याने आलेल्यांनी तेथे प्लास्टिकची पिशवी टाकू नये, पाखरांसाठी उरलेले खाणे पसरून ठेवू नये आणि झाडांची साल सोलणाऱ्या मुलांना वेळीच आवरावे, एवढी माझी आग्रहाची विनंती आहे.

तेथून जवळच काँग्रेस रस्त्यावर वीरसौध हे स्मारक आणि त्याच्यासमोर काँग्रेस विहीर आहे. डिसेंबर १९२४ मध्ये महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन येथे भरले आणि जमलेल्या लोकांच्या पाण्याची सोय म्हणून ती विहीर खोदण्यात आली. गांधीजींनी काँग्रेसचे अध्यक्षपद भूषविले ते एकाच अधिवेशनात, आणि ते अधिवेशन बेळगावचे. मुलांना इतिहासाच्या पुस्तकातील एक ओळ प्रत्यक्ष दाखविता येते, म्हणून पाहुण्यांना मी आधी येथेच नेते.

शहापूर, वडगाव या बाजूला राहणाऱ्यांना शिवाजी उद्यान जवळ पडते. संध्याकाळी तेथे लहान मुलांची गर्दी असते आणि बाहेर भेळेच्या गाड्या लागतात. जुन्या पेठेतील गल्ल्यांत घर असेल तर महाद्वार रस्त्यावरील संभाजी उद्यान पाहावे. किल्ल्याजवळील तलावाकाठी फिरण्याची सोय आहे. २०१८ मध्ये तेथे ११० मीटर उंचीचा ध्वजस्तंभ उभारण्यात आला, त्यामुळे तलाव दुरूनही ओळखता येतो. तेथे वारा फार असतो, तेव्हा वृद्धांना नेताना कानाला मफलर असावा. किल्ल्याच्या आतील बराच भाग लष्कराकडे असला तरी दुर्गामातेचे मंदिर आणि कमल बस्ती हे जुने जैन मंदिर येथे जाता येते. कॅम्पातील मिलिटरी महादेव मंदिराची बाग स्वच्छ आणि शांत आहे. तेथेच नव्हे, तर कॅम्पात कोठेही छायाचित्रे काढण्यापूर्वी पहाऱ्यावरील जवानाला विचारावे आणि तो नको म्हणाला तर वाद घालू नये.

आता पावसाविषयी, कारण बाहेरून आलेली माणसे येथेच फसतात. सह्याद्रीच्या पूर्व उतारालगत असल्यामुळे बेळगावात जून ते सप्टेंबर या काळात पाऊस एकदा येऊन थांबत नाही. जुलै आणि ऑगस्टमध्ये आठ-आठ दिवस झिमझिम चालू राहते आणि मैदानांवर घोट्याएवढा चिखल होतो. याच जिल्ह्यात पूर्वेकडील अथणी पावसाची वाट पाहत असते, पश्चिमेकडील कणकुंबीत त्याच्या कितीतरी पटींनी पाऊस कोसळतो आणि बेळगाव शहर या दोहोंच्या मध्ये आहे. आमच्या पहिल्याच जूनमध्ये मुलाला क्रिकेटच्या एका शिकवणी वर्गात घातले आणि वर्षभराचे शुल्क एकदम भरले. त्यानंतर सप्टेंबर संपेपर्यंत त्याने मैदानावर पाऊल ठेवले ते केवळ चार-पाच वेळा. पैसे परत मिळाले नाहीत आणि मुलाचा उत्साहही मावळला. म्हणून मैदानी खेळांचे शुल्क ऑक्टोबरपासून भरावे, जूनमध्ये भरणे भागच असेल तर एकाच महिन्याचे भरावे आणि पावसाळ्यात बॅडमिंटन, टेबल टेनिस, बुद्धिबळ किंवा स्केटिंग यांपैकी छपराखाली चालणारे काहीतरी निवडावे. गोवावेस येथे महानगरपालिकेचा जलतरण तलाव आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत तेथे शिकणाऱ्या मुलांची झुंबड उडते, त्यामुळे मार्च महिन्यातच जाऊन तुकड्यांच्या वेळा विचाराव्यात आणि महिलांसाठी वेगळी वेळ आहे का, हेही तिकीट खिडकीवरच विचारून घ्यावे.

मैदानांचे काही अलिखित नियम आहेत आणि ते कोणत्याही पाटीवर सापडणार नाहीत. लेले मैदान, सरदार हायस्कूलचे मैदान, क्लब रस्त्यावरील सीपीएड मैदान, अशा ठिकाणी रविवारी सकाळी एकाच वेळी चार-पाच डाव चालू असतात आणि प्रत्येक गल्लीच्या मुलांची जागा वर्षानुवर्षे ठरलेली असते. नवीन मुलाने थेट स्टंप रोवले तर भांडण होते. त्याच मुलाने कडेला उभे राहून दोन-तीन वेळा चेंडू आणून दिला तर तिसऱ्या रविवारी त्याला संघात घेतात. मी हे माझ्या दोन्ही मुलांच्या बाबतीत पाहिले आहे. थंडीच्या दिवसांत स्पर्धा भरतात, तेव्हा मैदान दिवसभर राखून ठेवलेले असते आणि त्या दिवशी फिरायला येणाऱ्यांनी दुसरी वाट धरलेली बरी. कुस्तीची आवड असेल तर शहापूर भागातील आनंदवाडी आखाड्याचे नाव लक्षात ठेवावे आणि आसपासच्या गावांच्या जत्रांची चौकशी करावी. या भागात जत्रा आणि कुस्तीचे मैदान यांची ताटातूट अद्याप झालेली नाही.

भाषेविषयी मला थोडे सविस्तर लिहायचे आहे, कारण पुष्कळ कुटुंबे मनात भीती घेऊन येतात. बागेतील पाट्या बहुधा कन्नडमध्ये असतात आणि लिपी वाचता येत नसली की माणसाला आपण परके आहोत असे वाटू लागते. प्रत्यक्षात ‘प्रवेशद्वार’, ‘समय’, ‘उद्यानवन’, ‘क्रीडांगण’ हे शब्द कन्नडमध्येही हेच आहेत. लिपी एकदा ओळखीची झाली की पाटीवरील बरेचसे शब्द आपलेच निघतात. ‘हूगळन्नु कीळबारदु’ म्हणजे फुले तोडू नयेत, आणि ज्या शब्दाच्या शेवटी ‘बारदु’ येते ती गोष्ट करायची नाही, एवढे लक्षात ठेवले तरी बागेपुरते भागते. माझ्या मुलीने कन्नड अक्षरे शाळेच्या आधी बागेच्या पाट्यांवर गिरविली. मुलांच्या खेळात तर भाषांची सरमिसळ इतकी सहज होते की घसरगुंडीवरच्या रांगेत कोण कोणत्या भाषेत ओरडले हे सांगता येत नाही. वयाने मोठ्या कन्नड माणसांना अण्णा किंवा अक्का म्हणावे. त्यांतील बहुतेकांना मराठी समजते आणि अनेक जण स्वतःहून मराठीत उत्तर देतात. तरीसुद्धा बागेतील माळ्याशी किंवा पहारेकऱ्याशी पहिले वाक्य मोडक्या कन्नडमध्ये बोलावे, असे मी सुचवीन. सीमाप्रश्न येथे आहे आणि त्यावर लोकांची मते तीव्र आहेत. बागेच्या बाकावर नवीन आलेल्या माणसाने तो विषय आपण होऊन काढू नये. १ नोव्हेंबरला शहरात राज्योत्सवाची, म्हणजे कर्नाटकाच्या स्थापनादिनाची, मोठी मिरवणूक असते आणि त्याच दिवशी मराठी भाषक काळा दिन पाळतात, त्यामुळे त्या दिवशी मुलांना घेऊन शहराच्या मध्यभागी जाण्याचा बेत आखू नये.

सणांचे दिवस मात्र ओळखी वाढविण्यासाठी उत्तम असतात. नवरात्रात घटस्थापनेपासून दसऱ्यापर्यंत पहाटे दुर्गामाता दौड निघते. पांढऱ्या वेशातील शेकडो तरुण रोज वेगळ्या भागांतून धावत जातात आणि बायका अंगणात रांगोळ्या घालून वाट पाहतात. दिवाळीत गल्लोगल्ली मातीचे किल्ले उभे राहतात, आणि चिखल कालविण्यासाठी नवीन मुलाचे दोन हात कोणालाही हवेच असतात. वैशाखातील शिवजयंतीच्या चित्ररथांची मिरवणूक रात्रभर चालते, तेव्हा लहान मुलांना दुपारी झोपवून मगच न्यावे.

ज्यांना मैदानापेक्षा पुस्तक जवळचे वाटते, त्यांनी १८४८ पासून चालत आलेल्या सार्वजनिक वाचनालयाचे सभासद व्हावे. नाटकांसाठी कोनवाळ गल्लीतील लोकमान्य रंगमंदिराच्या फलकावर लक्ष ठेवावे.

सुट्टीच्या दिवशी शहराबाहेर पडायचे असेल तर पहिली सहल येळ्ळूरजवळच्या राजहंसगडाची करावी. वरपर्यंत रस्ता आहे, आत सिद्धेश्वराचे मंदिर आहे आणि २०२३ मध्ये तेथे छत्रपती शिवाजी महाराजांचा भव्य पुतळा उभा राहिला आहे. पावसाळ्यात धुके उतरले की कठड्याजवळ मुलांचा हात सोडू नये. प्राणी पाहण्यासाठी महामार्गावर सुमारे १८ किलोमीटरवर भुतरामहट्टीचे प्राणिसंग्रहालय आहे. खानापूर, जांबोटी या बाजूचे धबधबे आणि नदीचे घाट फार सुंदर आहेत, परंतु जुलै-ऑगस्टमध्ये पाण्यात उतरण्याचा मोह टाळावा. वरच्या डोंगरात पाऊस झाला की खाली ऊन असतानाही पाणी चढते, आणि नवख्या माणसाला ते कळेपर्यंत उशीर झालेला असतो.

शेवटी, गावाकडून जे आईवडील तुमच्याबरोबर आले आहेत, त्यांच्याविषयी. मुले आठ दिवसांत रुळतात, नोकरीवर जाणाऱ्यांना सहकारी मिळतात. म्हातारी माणसे मात्र दूरचित्रवाणीसमोर बसून राहतात. आमच्या सासूबाईंचे तसेच झाले होते. येथील मराठी ऐकून त्या प्रथम बिचकल्या, कारण बागेतल्या बायका ‘काय करालास’ असे विचारत आणि निघताना ‘मी जातो’ म्हणत. हा हेल आणि ही रूपे या मातीतली आहेत, त्यांत चूक काही नाही, हे घरच्यांनीच त्यांना समजावून सांगावे. पहिले आठ दिवस त्यांच्याबरोबर स्वतः बागेपर्यंत चालत जावे, रस्ता ओलांडण्याची जागा दाखवावी, खिशात किंवा पिशवीत पत्ता मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत लिहून ठेवावा आणि रोज एकाच वेळी, एकाच बाकावर त्यांना बसवून यावे. नवव्या दिवशी त्या बाकावर त्यांच्यासाठी कोणीतरी जागा धरून ठेवलेली असते.