चित्रातला पाइप ‘वाचताना’ या चुका टाळा

एकोणिसाव्या शतकातल्या युरोपीय चित्रात कुणी पाइप ओढताना दिसला, की ‘आयुष्य धुरासारखं विरून जातं’ असं लिहून आपण मोकळे होतो. सगळ्यात मोठी चूक हीच. ती खूण सतराव्या शतकातल्या डच चित्रांची. तिथे कवटी, विझलेली मेणबत्ती आणि मातीचा पाइप एकाच टेबलावर मांडलेले असायचे. दोनशे वर्षांनंतरच्या प्रत्येक कुलपाला तीच किल्ली कशी लागेल?

लंडनच्या नॅशनल गॅलरीतली व्हॅन गॉगची खुर्ची (१८८८) बघा. गवताच्या विणीची साधी बैठक, तिच्यावर पाइप आणि तंबाखू. माणूस नाही, म्हणून पाइप मृत्यूचा, असा अर्थ चटकन लावला जातो. रिकामपण तिथे आहेच. १८७० मध्ये इंग्रज कादंबरीकार डिकन्स वारल्यावर चित्रकार ल्यूक फिल्ड्सने त्याची रिकामी खुर्ची काढली होती, आणि ते चित्र व्हॅन गॉगच्या मनात घर करून होतं. पण बहिणीला लिहिलेल्या पत्रात आत्महत्येच्या विचारावर डिकन्सने सांगितलेला उपाय म्हणून तो काय सांगतो? थोडी वाइन, पाव-चीज आणि पाइपभर तंबाखू! म्हणजे पाइप इथे जगण्याच्या बाजूने आहे.

पाइप कशाचा आहे, तेही बघायचं राहून जातं. फ्रेंच चित्रकार सेझानचे पत्ते खेळणारे दोघे लंडनच्याच कोर्टोल्ड गॅलरीत आहेत. डावीकडच्याच्या तोंडात पांढऱ्या मातीचा पाइप: स्वस्त, ठिसूळ, शेतावर राबणाऱ्याला परवडणारा. तिथे मीरशॉम या मऊ पांढऱ्या खनिजाचा महागडा कोरीव पाइप असता, तर माणूसच वेगळा झाला असता. आणि एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच चित्रकार मेसोनियेचे पाइपवाले बघून ‘१८५० चं पॅरिस’ लिहू नका. त्यांच्या अंगावरचे कपडे अठराव्या शतकातले आहेत.

शेवटची चूक गमतीची. इंग्रज चित्रकार जॉन एव्हरेट मिलेच्या १८८६ च्या ‘बबल्स’मधल्या मुलाच्या हातात पाइप आहे, पण त्यात तंबाखू नाही, साबणाचं पाणी आहे. वर तरंगणारा फुगा, एका बाजूला कुंडीतलं कोवळं रोप, दुसरीकडे फुटलेली कुंडी. क्षणभंगुरता शोधायचीच असेल तर ती इथे, जिथे धूरच नाही. आणि हेच चित्र आपल्या ओळखीच्या पिअर्सने जाहिरातीसाठी घेतलं, त्यात साबणाची वडीही रंगवून घातली.