दिवाळीत गावी जाल, तेव्हा बोअरआधी विहिरीचे माप घ्या

लालबाग, घाटकोपर, भांडुप येथे राहणाऱ्या माण, खटाव, आटपाडी, जत, सांगोला या तालुक्यांतील अनेक कुटुंबांची शेती आजही गावच्या भावाच्या हातांवर आणि मुंबईच्या पगारावर चालते. दिवाळीचा बोनस हाती पडतो त्याच सुमारास गावाहून फोन येतो, "दादा, तीनशे फुटांवर नुसता फुफाटा निघतोय. बोअरच्या गाडीवाला विचारतोय, अजून शंभर फूट जाऊ का?" रात्री अकरा वाजता चाळीच्या गॅलरीत उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडून "जा" हेच उत्तर निघते, कारण एवढा खर्च झाल्यावर थांबणे जिवावर येते. हा सल्ला तो फोन येण्याआधी वाचावा, अशी कळकळीची विनंती आहे.

महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून अधिक भाग काळ्या कातळाचा, म्हणजे बेसाल्टचा आहे. या कातळात पाणी मुख्यतः वरच्या झिजलेल्या मुरमात, मांजऱ्या, म्हणजे छिद्राळ, खडकात आणि फटींत साठते, त्यामुळे जितके खोल जावे तितके पाणी जास्त, हा समज येथे खरा ठरत नाही. खोलवर पाणी लागले तरी त्याचे पुनर्भरण पुष्कळदा इतके संथ असते की दोन-तीन उन्हाळ्यांत बोअर आटते आणि हप्ते मात्र चालूच राहतात. शिवाय २००९ च्या भूजल अधिनियमानुसार अधिसूचित क्षेत्रात, म्हणजे भूजल जपण्यासाठी शासनाने जाहीर केलेल्या भागात, ६० मीटर किंवा त्याहून खोल विहीर घेण्यास मनाई आहे, हे गाडी ठरवण्याआधी ध्यानात घ्यावे.

त्यापेक्षा दिवाळीच्या सुट्टीत एक दिवस विहिरीसाठी काढावा. सहा मीटर व्यासाच्या विहिरीत पाच मीटर पाणी असेल, तर तो साठा सुमारे १ लाख ४१ हजार लिटर भरतो. एका एकराला पाच सेंटिमीटरची एक पाळी, म्हणजे एकदाचे पाणी, द्यायला मात्र सुमारे २ लाख लिटर पाणी लागते. म्हणजे काठोकाठ दिसणारी विहीरही एका एकराची एक पाळी भागवत नाही. पीक तारतात ते झरे. ते मोजण्यासाठी सायंकाळी उपसा करून मोटार बंद करावी, दोरीला दगड बांधून पाण्याची पातळी घ्यावी आणि बारा तासांनी पुन्हा घ्यावी. रात्रीत एक मीटर पाणी चढले, तर सुमारे २८ हजार लिटर आले, म्हणजे दिवसाला ५६ हजार, आणि एका एकराची पाळी साडेतीन-चार दिवसांची झाली. फेब्रुवारीत झरे मंदावतात, म्हणून ऑक्टोबरच्या मापाच्या निम्म्यावरच बागायतीचे क्षेत्र ठरवावे, असे माझे मत आहे.

गव्हाला पाच-सहा पाळ्या लागतात. हरभरा फुलोऱ्यात आणि घाटे भरताना अशा दोन पाळ्यांवर येतो. रब्बी ज्वारी जिरायत राहिली, तरी वेळेवर कोळपून भेगा बुजवल्यास जमिनीतली ओल टिकते. पाणी बेताचे असताना नवा ऊस लावू नये. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर घेणे बंद केले आणि दरवर्षी गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरवली. त्या गावाचे पाणी टिकले ते या शिस्तीमुळे.

विहीर आटली की त्याचा भार घरातल्या बाईच्या डोक्यावर हंड्याच्या रूपाने येतो आणि रात्रीच्या विजेची वाट पाहत बांधावर बसणाऱ्या भावाची झोप जाते. घरचे पिण्याचे पाणी खोल बोअरचे असेल, तर त्याची तपासणी जरूर करून घ्यावी. यवतमाळ, नांदेड, चंद्रपूर जिल्ह्यांतील अनेक गावांत अशा पाण्यात फ्लोराइड आढळले आहे आणि लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर ते दातांना व हाडांना अपाय करते. बोअर कोरडे गेल्यावर घरातला माणूस गप्प गप्प राहू लागला, जेवणावरून उठू लागला, तर "किती बुडाले" हा प्रश्न नंतरचा. आधी त्याच्याजवळ बसावे, आणि गरज वाटल्यास टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीत बोलता येते, हे त्याला सांगून ठेवावे. पिकांविषयीच्या शंकांसाठी किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा क्रमांक विनाशुल्क आहे.

परतण्यापूर्वी विहिरीच्या आतल्या बाजूला ऑइल पेंटने फुटांच्या खुणा करून द्याव्यात. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे या महिन्यांत घेते. त्याच महिन्यांत भावाने खुणेचा फोटो मुंबईला पाठवावा आणि पुढच्या हंगामाचे पैसे त्या खुणेकडे पाहूनच पाठवावेत.